फोटोच्या कडेचा हात

ढाल माझ्या बापाने जिंकून दिली आणि फोटो काढायची वेळ आली तेव्हा त्याला सांगितलं, बाजूला हो.

मी सात वर्षांची होते. देवळासमोर चिंचेखाली आईजवळ उभी होते. गावकुसाबाहेरच्या आमच्या वाड्यातल्या बायापोरांनी तिथवरच यायचं, त्याच्या पुढे नाही, हे कुणी शिकवावं लागत नव्हतं. देवळाच्या पायऱ्यांवर गावची क्रिकेटची टीम ओळीने बसलेली. मध्ये ढाल, ढालीला हार, नारळ फोडलेला. भिवंडीहून फोटोग्राफर आणला होता. बाप खाली जमिनीवर, पायऱ्यांच्या कडेला उभा. फोटोग्राफर म्हणाला, तुम्हीपण सरका आत. तेवढ्यात कॅप्टन म्हणाला, "तू जरा बाजूला हो बारक्या. तुझा शर्ट वेगळा आहे, फोटो खराब दिसेल."

बाप बाजूला झाला. हसत झाला. ते हसणं मला आजही आठवतं आणि आजही माझी तळपायाची आग मस्तकात जाते.

शर्ट वेगळा होता हे खरंच आहे. का वेगळा होता ते ऐका. फायनलच्या आधी गावाने टीमला पिवळे शर्ट शिवले. शिंपी मापं घ्यायला देवळाच्या ओट्यावर बसला. ओट्यावर आम्हाला चढायचं नाही. मग शिंप्याने मापं घेतली दहाच. अकरावा गडी माझा बाप, तो पॉवरलूमवर कामाला घालायचा तोच तेलकट निळा शर्ट घालून फायनल खेळला. म्हणजे ओट्यावर चढता येत नाही म्हणून माप नाही, माप नाही म्हणून शर्ट नाही, शर्ट नाही म्हणून फोटोत नाही. बघा, किती सरळ. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही. शर्टाचा प्रश्न आहे म्हणाले, झालं.

भातकापणी झाली की आमच्याकडे शेतं मोकळी होतात. मग रोलर फिरवून पिच करायचं, टेनिसच्या बॉलची स्पर्धा भरवायची, गावोगावच्या टीम बोलवायच्या. पूर्ण्यापासून मानकोलीपर्यंत सगळीकडे हेच. माइकवर एक जण दिवसभर बोलत असतो. त्या दिवशी फायनलला समोरच्या टीमचे सहा जण बापाने आउट केले. एकट्याने सहा. माइकवर बाकी सगळ्यांची नावं आली, वडिलांच्या नावासकट, कुणाकुणाचं तर कौतुक चार वेळा झालं. बापाने विकेट घेतली की माइकवाला म्हणायचा, "वाड्यातल्याने आणखी एक घेतली." सहाही वेळा तेच. बापाचं नाव बारकू. घ्यायला काही जड नाही. पण त्या भोंग्यातून ते एकदाही बाहेर पडलं नाही.

घरी येताना मी विचारलं, तुम्ही फोटोत का नाही. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादा म्हणाले, "अगं, बॉल तं दिला ना हातात? आनखी काय पायजे?"

हे झालं माझं लहानपण. त्याच्यावर रडायला मी बसलेली नाही. पुढचं सांगायचंय.

मी शिकले. कशी शिकले ते सांगत नाही, आमच्यातले सगळे तसेच शिकतात. बी.एड. झाले आणि आमच्याच भागातल्या एका हायस्कुलात लागले, इतिहास शिकवायला. दोन हजार सहा-सातची गोष्ट. तेव्हा तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढायची, मग संस्थेने शिफारस पाठवली तर कायम. संस्थेचे अध्यक्ष कोण? तोच कॅप्टन. तेव्हा कॉलेजात जाणारा पोरगा होता, आता केसांना कलप, बोटांत तीन अंगठ्या. ज्या शेतात ती फायनल झाली तिथे आता त्याचं गोडाऊन उभं आहे, कंटेनर आत जाईल एवढं. मुलाखतीच्या वेळी त्याने आडनाव वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, बारक्याची पोरगी का? बाप बावन्न वर्षांचा झाला तरी बारक्याच. मी हो म्हटलं आणि मान खाली घातली. नोकरी पाहिजे होती.

तिसऱ्या वर्षी शाळेला कॉम्प्युटर मिळाले. आम्हाला ठाण्याला ट्रेनिंगला पाठवलं. तिथल्या बाईंनी सांगितलं, इंटरनेटवर जगभरातली संग्रहालयं आहेत, शिक्षकांसाठी पाठ ठेवलेत, शोधा, वापरा. शाळेतले कॉम्प्युटर प्लास्टिकच्या कव्हरखाली झाकलेले, किल्ली हेडमास्तरांकडे. म्हणून मी एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत जायला लागले. भिवंडीचं लोडशेडिंग तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, पान अर्धं उघडायचं आणि लाइट जायची. आजूबाजूचे लूम एकदम बंद पडायचे आणि मग इतकी शांतता व्हायची की कानाला त्रास होई. मी वही घेऊनच बसायचे. जेवढं दिसलं तेवढं उतरवून घ्यायचे, पुढचं दुसऱ्या दिवशी.

मला खेळांचा इतिहास पाहिजे होता, आठवीची पोरं क्रिकेटशिवाय कशाला कान देत नाहीत म्हणून. शोधता शोधता अमेरिकेतल्या एका संग्रहालयाचं पान उघडलं. बेसबॉलचं. बेसबॉल म्हणजे काय मला काय कप्पाळ ठाऊक. कॅफेवाला भाईजान मागून डोकावला आणि म्हणाला, "मॅडम, ये क्रिकेट नहीं है, इसमें मारके गोल भागते हैं." बरं म्हटलं. डिक्शनरी काढली आणि वाचत गेले.

तिथल्या काळ्या माणसांना गोऱ्यांच्या टीममध्ये घेत नसत. खेळ येत नाही म्हणून नाही, कातडी काळी म्हणून. मग त्यांनी स्वतःच्या टीम काढल्या, स्वतःच्या स्पर्धा भरवल्या. या गावाहून त्या गावाला बसने जायचे, हॉटेलात खोली मिळायची नाही, बसमध्येच झोपायचे. त्यातले कितीतरी खेळाडू असे की गोऱ्यांच्या टीममधले त्यांच्यासमोर पाणी भरतील, पण गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांत त्यांचं नाव नाही, आकडे नाहीत. म्हातारे झाले, मेले. त्यांच्या खेळाचा हिशोब पुढे लोकांनी जुनी कात्रणं शोधून, घराघरांतून फोटो गोळा करून लावला.

आता हे वाचून मला धक्का बसला असेल असं तुम्हाला वाटेल. अजिबात नाही. त्यात नवीन काय होतं? हे तर मी चिंचेखाली उभी राहून बघितलं होतं. मी चकित झाले ते दुसऱ्याच गोष्टीने. हे सगळं त्यांनी लपवलं नव्हतं. संग्रहालयात लावलं होतं. वर पाठ काढले होते, सहावी ते आठवीसाठी, शिक्षकांना फुकट. शिक्षकाने काय विचारायचं, पोरांकडून काय करून घ्यायचं, सगळं पायरीपायरीने. एका पाठात गोऱ्या टीमचा जुना फोटो देऊन मुलांना विचारायचं होतं, यात कोण दिसत नाही आणि का दिसत नाही.

मी तो प्रश्न वहीत उतरवला आणि लाइट गेली. अंधारात तशीच बसले. संताप संताप झाला. सातासमुद्रापलीकडच्या कुणा माणसाला हा प्रश्न सुचतो, तो छापून पोरांच्या हातात देतो, आणि इथे इतिहासाची बी.एड. झालेली मी, मला माझ्या गावच्या देवळात लटकलेल्या फोटोबद्दल तो सुचला नाही. सुचला होता खरं तर. सातव्या वर्षीच सुचला होता. मी तो गिळला होता.

पाठ घेतला. आठवी ब. पोरांना आधी वाटलं विटीदांडूसारखं काहीतरी आहे. मग बसमध्ये झोपायचं सांगितलं तेव्हा प्रश्न सुरू झाले. एकाने विचारलं, बाई, त्यांना राग नाही यायचा? मी म्हटलं, येत असेल की, आपल्याला येतो तसाच. शेवटी मी त्या पाठातलंच काम दिलं. घरात, गावात कुठल्याही टीमचा जुना फोटो असेल तर आणा, आपण त्यात कोण नाही ते बघू. हे काम देताना माझ्या डोक्यात काय होतं ते मला माहीत होतं. पण तो फोटो खरंच माझ्या टेबलावर येईल असं वाटलं नव्हतं.

अध्यक्षांच्या भावाची मुलगी मयूरी माझ्याच वर्गात. त्या साली गावच्या स्पर्धेचं पंचविसावं वर्ष होतं आणि मोठा फ्लेक्स लावायचा होता. त्यासाठी देवळातला तो फोटो फ्रेममधून काढून स्कॅन केलेला. मयूरीने त्याचीच मोठी प्रिंट आणली. आनंदाने आणली बिचारीने, काकांचा फोटो म्हणून. फळ्याला लावली. पोरं पुढे सरकली. पिवळे शर्ट, ढाल, नारळ, मध्ये कॅप्टन.

फ्रेममध्ये असताना फोटोची कड पुठ्ठ्याखाली दबलेली होती. वीस-बावीस वर्षं दबलेली. स्कॅनवाल्याला काय माहीत, त्याने कडेपर्यंत सगळं घेतलं. डाव्या कडेला, पायऱ्यांच्या खाली, एक हात होता. मनगटापासून पुढे. निळ्या बाहीचं टोक. हातात टेनिसचा बॉल. आणि करंगळी अर्धी.

बापाची अर्धी करंगळी लूमच्या पट्ट्याने नेली होती, माझ्या जन्माच्या आधी.

मयूरीने विचारलं, "बाई, हा हात कुणाचा?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, "माहीत नाही."

कुणी माझ्या डोक्याला पिस्तूल लावलं नव्हतं. अध्यक्ष तिथे नव्हता. साठ पोरं होती, माझी पोरं, आणि मी बोलले माहीत नाही. तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटले. पळालेच म्हणा. स्टाफरूममध्ये जाऊन नळाखाली तोंड धुतलं, परत धुतलं. बापाला बाजूला हो म्हणणारा एक जण होता. आज दुसरी मी. त्याच्या पोटची.

त्या रात्री झोप आली नाही वगैरे काही नाही, लूमच्या आवाजात वाढलेल्या माणसाला कुठेही झोप येते. पण सकाळी उठले ती ठरवूनच. पहिला तास आठवी ब चा नव्हता, तरी मागून घेतला. फोटो अजून फळ्यालाच होता. मी हातावर बोट ठेवलं आणि सांगितलं, काल मी खोटं बोलले. हा हात माझ्या वडिलांचा आहे. त्यांचं नाव बारकू. या फायनलमध्ये सहा जणांना त्यांनी आउट केलं. मग शर्टाचं सांगितलं, ओट्याचं सांगितलं, माइकचं सांगितलं. चढा आवाज केला नाही. मयूरी खाली बघत होती. मी तिला म्हटलं, तू कशाला मान खाली घालतेस, तू तर विचारलंस.

दुपारी ऑफिसात बोलावणं आलं.

अध्यक्ष खुर्चीत, हेडमास्तर शेजारी. हेडमास्तर म्हणजे पिढ्यान्पिढ्या शिकलेल्या घरातला माणूस, शुद्ध बोलणारा, कुणाला दुखवायचं नाही आणि कुणासाठी उभंही राहायचं नाही, असा. अध्यक्षाने माझी फाइल पुढ्यात उघडून ठेवली होती. शिफारशीचा कागद वरच होता, सही बाकी. तो म्हणाला, अमेरिकेतलं अमेरिकेत ठेवायचं, इथं गावात सगळे मिळूनमिसळून राहतात, तुम्ही पोरांच्या डोक्यात विष घालता. मी म्हटलं, हात फोटोत आहे, मी घातलेला नाही. त्याने एक कोरा कागद सरकवला.

"लिहून द्या. फोटोतला हात कुणाचा ते मला माहीत नाही, मी मुलांना चुकीची माहिती दिली. उद्या परिपाठाला वाचून दाखवा. मग मी सही करतो."

हेडमास्तर म्हणाले, बाई, दोन ओळींचा तर प्रश्न आहे.

दोन ओळींचा प्रश्न. पुन्हा तेच, शर्टाचा प्रश्न. यांचे प्रश्न नेहमी एवढेसेच असतात. मी उद्या सांगते म्हणाले आणि घरी आले.

दादांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं चिडतील. दादा म्हणाले, "लिहून दे. नोकरी काय झाडाला लागतंय? हात माजा न्हाय, लिही." आई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. मी दादांना ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. म्हटलं, तुम्ही बाजूला झालात म्हणून मीपण होऊ? दादा उठून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी शाळेत पोचले तर ऑफिसच्या दारात चपला. बापाच्या चपला. शाळेच्या ऑफिसात चपला काढून कुणी जात नाही, शिपाईसुद्धा नाही. आत बघते तर दादा उभे. अध्यक्षाने माणूस पाठवून बोलावून घेतलं होतं. तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. दादा उभे होते, दोन्ही हात पाठीमागे धरून.

अध्यक्ष मला म्हणाला, आता तुमच्या वडिलांकडूनच ऐका. मग दादांना, "सांग रे बारक्या. तो हात तुझा आहे?"

दादा म्हणाले, "न्हाय शेठ. माजा न्हाय."

माझ्याकडे न बघता म्हणाले. माझ्यासाठी म्हणाले. ते मला समजत होतं आणि म्हणूनच माझं डोकं फिरलं. एका माणसाच्या पोरीची भाकरी हातात धरायची आणि त्याच्याकडून वदवून घ्यायचं की त्याचा हात त्याचा नाही. ह्याला तुम्ही काय म्हणता मला माहीत नाही. मी ह्याला जात म्हणते. शिकल्यासवरल्या, खुर्चीत बसलेल्या, हळू आवाजातल्या जातीला मी जात म्हणते.

फोटो टेबलावरच होता, माझ्या वर्गातून काढून आणलेला. मी तो उचलून दादांसमोर धरला. म्हटलं, दादा, एकदा बघा तरी.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांनी तो कधीच बघितला नव्हता. कसा बघणार? फोटो देवळात टांगलेला. वीस-बावीस वर्षांपूर्वी ज्या फोटोसाठी ते बाजूला झाले, तो त्यांच्या नजरेला पहिल्यांदा पडत होता.

दादा वाकले. बराच वेळ बघत राहिले. पिवळे शर्ट बघितले, ढाल बघितली, मग नजर कडेला गेली. पाठीमागचा उजवा हात आपोआप पुढे आला. अर्धी करंगळी फोटोतल्या अर्ध्या करंगळीशेजारी टेकली. दादा म्हणाले, स्वतःशीच म्हणाले, "आरं, बॉल माज्याच हातात रायला व्हता की."

हेडमास्तरांनी पेनाचं टोपण लावलं. अध्यक्ष खिडकीबाहेर बघायला लागला. वाक्य साधं होतं, पण ते आता परत घेता येणार नव्हतं, आणि दादांना ते घ्यायचंही नव्हतं. ते सरळ उभे राहिले. मी रिकामी खुर्ची ओढली आणि म्हटलं, बसा. ते बसले.

मग मी तो कोरा कागद घेतला. लिहिलं, फोटोतला हात माझे वडील बारकू यांचा आहे. ते या संघाचे गोलंदाज होते. मुलांना दिलेली माहिती बरोबर आहे. खाली सही केली, तारीख घातली आणि कागद अध्यक्षाच्या पुढ्यात ठेवला. तो म्हणाला, विचार करा, सही होणार नाही. मी म्हटलं, विचार वीस वर्षं केला.

सही झाली नाही. संस्थेने शिफारस पाठवली नाही. मी ठाण्याला शिक्षण खात्यात अर्ज दिला, हेलपाटे घातले, एका साहेबाने मला तीनदा उद्या या म्हणून सांगितलं आणि तिन्ही वेळा मी उद्या गेले. दोन वर्षं चालला तो तमाशा. तोवर मानधनावरच तास घेतले. शेवटी मान्यता निघाली. कुणाच्या मेहेरबानीने नाही, कायद्याने. पण तुम्ही म्हणाल हा शेवट गोड झाला. थांबा.

त्याच पंचविसाव्या वर्षी स्पर्धेचा फ्लेक्स लागला होता. मानकोली नाक्यावर, एवढा मोठा की जाणाऱ्या-येणाऱ्या ट्रकवाल्यालाही दिसावा. तोच फोटो. पिवळे शर्ट, ढाल, नारळ. मी रिक्षातून उतरले आणि डावी कड बघितली. हात कापलेला होता. पुठ्ठ्याखाली दाबला नव्हता, चक्क कापलेला. आधी निदान माहीत नसल्याचं नाटक होतं. आता माहीत असून कापला.

दादा सोबत होते. त्यांनी बघितलं. ह्या वेळी हसले नाहीत.

माझ्याकडे मयूरीने आणलेली प्रिंट आहे. कडेपर्यंत सगळी. तिने ती परत मागितली नाही, मी दिली नाही. अमेरिकेतलं ते पान अजून आहे की नाही मला माहीत नाही, वहीतला प्रश्न आहे. दरवर्षी आठवीत नवी साठ पोरं येतात. काही वाड्यातली, काही गावातली, काही लूमवाल्यांची. मी दरवर्षी तो फोटो फळ्याला लावते आणि मयूरीचाच प्रश्न विचारते, हा हात कुणाचा.

तुम्ही फ्लेक्स कापा. फ्रेम करा, पुठ्ठा लावा, जे करायचं ते करा. घंटा झाली तरी मी वर्ग सोडत नाही, साठच्या साठ पोरांच्या तोंडून बापाचं नाव आल्याशिवाय.